हिंगणदऱ्याचं दप्तर

"तुम्हीच का ते दप्तर काढून देणारे?"

तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसानं मला विचारलं. भगवा रंग उडून मातकट झालेलं मुंडासं, पायात टायरच्या चपला, हातात काहीच नाही. कामाला येणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी तरी असते. दोन दिवस कलेक्टर कचेरीत टपाल पोचवून मी नुकताच एसटीतून उतरलो होतो. खांद्यावरची झोळीही उतरवली नव्हती.

"गाव कोणतं?" मी विचारलं.

"हिंगणदरा."

माझा पाय पायरीवरच राहिला.

"हिंगणदऱ्याचं काय पाहिजे?"

"आमच्या गोसाव्यांच्या मातीच्या जागेचा कागद. मी मोतीगीर. मालकीण गेली पहाटं. माती द्यायला गेलाव तर खंडेराव आडवा झाला. जागा माझ्या शेतातली हाय म्हणतो. कागद दाखवा, मग खड्डा खांदा." त्यानं आत बोट दाखवलं. "नायब साहेब म्हणले, जुन्या दप्तरात नोंद असंल तर दुपारपातूर काढा, सर्कल साहेबाला पोलीस देऊन धाडतो. बाई हुडकायल्यात कवाच्या."

गोसावी आपल्या माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून त्यात बसवतात आणि माती देतात. वैशाख होता. सकाळचे दहा वाजले होते आणि पायऱ्या आत्ताच तापल्या होत्या.

मी आत गेलो. रेकॉर्ड खोलीत गुंजकर बाई स्टुलावर उभ्या होत्या. हातात त्यांची जाड वही होती, केसांत धूळ. खाजाभाई, आमच्या कचेरीचा दुसरा शिपाई, खाली उभा राहून स्टूल धरत होता.

"सटवाजी, बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "चौथा रॅक, दुसरा खण, नंबर एकशे बारा. वहीत आहे आणि जागेवर नाही. मी स्वतः ठेवलं होतं हो. माझ्या हातानं."

"बाई, तुम्ही उतरा," खाजाभाई म्हणाला. "मामाला सोडा खोलीत. हा वास घेऊन दप्तर काढतो. वाचायची गरज नाही याला."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. आणि खरं सांगायचं तर, तो चेहरा बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं. ते दप्तर मीच लपवलं होतं.

हे समजण्यासाठी सहा महिने मागं जावं लागेल. त्या आधी तेवीस वर्षं ती खोली माझी होती. मला अक्षर येत नव्हतं, पगाराच्या कागदावर मी अंगठा द्यायचो. पण तालुक्यातल्या एकशे चाळीस गावांचं कोणतंही दप्तर मी पाच मिनिटांत काढून द्यायचो. कपड्याचा रंग मला कळायचा: लाल म्हणजे कायम ठेवायचं, हिरवं तीस वर्षं, पिवळं दहा, पांढरं वर्षभर आणि मग निंदणी, म्हणजे रद्दी म्हणून काढून लगदा करायला पाठवायचं. गाव ओळखायला माझ्या गाठी होत्या. नदीकाठच्या गावांना फासाची गाठ, डोंगराकडच्या गावांना बैलाच्या दाव्याची, रस्त्यावरच्या गावांना दुहेरी. त्यातही प्रत्येक गावाला काही वेगळं असायचं, एक वेढा जास्त, एक टोक लांब. रेकॉर्ड कीपर यायचे आणि बदलून जायचे. तहसीलदारसुद्धा म्हणायचे, "सटवाजीला विचारा." घरी मला विचारणारं कोणी नव्हतं. बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. मी दुसरं लग्न केलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी कचेरीच्या आवारात येऊन बसायचो.

मग गुंजकर बाई आल्या. तिशीच्या असतील, लांबच्या जिल्ह्यातल्या, एका खोलीत एकट्या राहायच्या. वरून हुकूम आला होता की सगळं रेकॉर्ड नव्यानं लावायचं. त्यांनी एकेक दप्तर वाचलं, नवा कपडा घातला, लेबल लावलं. जुना बंद सुटला नाही की त्या कात्री लावायच्या.

"ही गाठ अशी का हो घातलीय?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"अशीच," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोन महिन्यांत माझी खोली मला परकी झाली. सगळी दप्तरं सारखी, सगळ्यांवर सारखी चिठ्ठी. एक दिवस बाई म्हणाल्या, "सटवाजी, रोज दोन अक्षरं शिकू या. दिवाळीपर्यंत लेबलं वाचाल." त्या मनापासूनच म्हणाल्या असतील. पण खाजाभाई तिथंच होता. "मामा, पाटी-पेन्सिल आणू का? बालवाडीत नाव घालू का?" सगळे हसले. बाईही हसल्या. मीही हसलो.

त्यानंतरच्या शनिवारी, मोतीगीर यायच्या दोन आठवडे आधी, बाई लवकर गेल्या, तेव्हा मी एक लाल दप्तर काढलं, त्यावर पांढरा कपडा गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या गठ्ठ्यांत मधोमध ठेवलं. वरून माझी दाव्याची गाठ मारली. पुढच्या महिन्यात तपासणी होती. एक दप्तर कमी भरेल, बाई घाबरतील, साहेब चिडतील, आणि मग कोणीतरी म्हणेल, सटवाजीला विचारा. हिंगणदरा निवडलं कारण तेवीस वर्षांत ते दप्तर कोणी मागितलेलं मला आठवत नव्हतं. कोणाचं नुकसान नको, एवढा विचार मी केला होता.

"बाई, तुम्ही बसा," मी म्हणालो. "मी बघतो." आणि कोपऱ्याकडे वळलो.

कोपरा रिकामा होता. फरशीवर फक्त धुळीचे चौकोन होते.

"पांढरे गठ्ठे कुठं गेले?"

"कोठडीत," बाई वहीतून डोकं न काढता म्हणाल्या. "तुम्ही नव्हतात म्हणून दोन बाया लावून उचलून घेतले. सोमवारी लॉरी येणार आहे."

कोठडी म्हणजे आमच्या आवारातला जुना तुरुंग. एक खोली, एक झरोका, पुढे गजांचं दार. मी झाडायच्या निमित्तानं किल्ली मागून घेतली आणि दार उघडलं. छपरापर्यंत गठ्ठे रचले होते. तीनशेच्या वर. आणि सुतळ्या ढिल्या झाल्या होत्या म्हणून त्या बायांनी त्या काढून प्रत्येक गठ्ठा नव्या सुतळीनं करकचून बांधला होता. माझी गाठ कुठंच राहिली नव्हती. एकच गाठ, तीनशे वेळा.

मी झोळी खाली ठेवली आणि पहिला गठ्ठा ओढला. कोपऱ्यातून कपडा उचकटायचा, आत लाल दिसतं का बघायचं, बाजूला टाकायचं. सुतळी इतकी आवळलेली की नखं मोडत होती. विळा आणायला गेलो असतो तर कोणी विचारलं असतं, विळा कशाला. म्हणून दातानं सोडत बसलो.

थोड्या वेळानं गजांपाशी सावली आली. मोतीगीर उभा होता.

"तुम्ही बी त्येच हुडकायलाव का?"

"नाही," मी म्हणालो. "झाडतोय."

तो तिथंच उकिडवा बसला. बोलायला माणूस हवा होता त्याला.

"सुंदराबाई नाव तिचं. तिची दोन लेकरं हाईत त्या जागंत. एक देवीच्या साथीत गेलं, एक जलमताच. दर अवसंला जाऊन बसायची तिथं. माझ्याशी भांडण झालं की म्हणायची, मला यांच्यापाशी बसवा, तुमच्यापाशी न्हाई."

तो हसला. हसताना त्यानं मुंडाशाचं टोक तोंडावर धरलं.

"औंदा खंडेरावानं तिथवर नांगर घातला. कुंपणाला काटी टाकली. म्या म्हणलं, जाऊ दे, कोण मरायलंय आत्ताच."

मी गठ्ठा सोडत राहिलो.

"मामा, मी उचलू लागू का? नुसतं बसवंना."

दोन माणसं असती तर काम निम्म्या वेळात झालं असतं. तो आत आला असता, मी एकेक गठ्ठा का उचकटतोय हे त्यानं पाहिलं असतं, आणि लाल दप्तर सापडल्यावर ते पांढऱ्या कपड्यात कसं आलं, असं त्यानं विचारलं असतं.

"नको," मी म्हणालो. "धूळ फार आहे. तुम्ही सावलीत बसा."

तो उठून पायऱ्यांकडे गेला. मी परत गठ्ठ्यांना लागलो. मध्ये एकदा नायब साहेबांचा आवाज आला, रेकॉर्ड खोलीतून. "सहा महिने काय केलंत तुम्ही? लेबलं चिकटवलीत? साधं एक दप्तर सापडत नाही?" ज्यासाठी मी हे केलं होतं ते असं घडत होतं, आणि मी तुरुंगात बसून सुतळी चावत होतो.

दोनला थोडा वेळ असताना मोतीगीर पुन्हा गजांपाशी आला.

"जातो मामा. दोनची गाडी चुकली तर पाचपातूर दुसरी न्हाई. अशा उन्हात मढं थांबत न्हाई."

"थोडं थांबा," मी म्हणालो.

"सापडंल का?"

मी पुढचा गठ्ठा ओढला. मग त्यानं हात जोडले, मी काहीतरी केलं असल्यासारखे, आणि फाटकाबाहेर गेला. एसटीचा हॉर्न मला ऐकू आला. तोपर्यंत मी ऐंशी-एक गठ्ठे पाहिले होते.

मी उठलो. रेकॉर्ड खोलीत बाई टेबलाशी एकट्या बसल्या होत्या, पहिल्या पानापासून पुन्हा वही तपासत. डोळे लाल होते.

"बाई, ते दप्तर मी लपवलंय. पांढऱ्या गठ्ठ्यांत. आता मलाच सापडत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ओरडतील असं वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "किती गठ्ठे बघितले?"

"सत्तर-ऐंशी."

"एकट्यानं? सकाळपासून?"

"होय."

त्या व्हरांड्यात गेल्या आणि त्यांचा इतका मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. "सगळे इकडे या! लाल दप्तर चुकून निंदणीच्या गठ्ठ्यांत गेलंय. कात्र्या, विळे, मिळेल ते घेऊन या!" कारकून आले, कोर्टाकडचे दोन पट्टेवाले आले, चहावाला आला. कोठडीतून गठ्ठे आवारात फेकले जाऊ लागले. पंचवीस मिनिटं लागली असतील.

"निघालं!" खाजाभाई ओरडला. "अरे, नवरीला पांढरं नेसवलं कोणी?"

सगळे हसले. बाईंनी दप्तर उघडलं, मांडीवर ठेवलं आणि पानं उलटत गेल्या. एके ठिकाणी बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचलं:

"सर्व्हे नंबर एकोणचाळीस. क्षेत्र अठरा गुंठे. गोसावी लोकांची दफनाची जागा. कायम."

त्यांनी नक्कल लिहिली. नायब साहेब जेवायला घरी गेले होते, त्यांची सही व्हायला साडेतीन वाजले. जीप तहसीलदारांबरोबर दौऱ्यावर होती. मंडळाचे सर्कल साहेब म्हणाले, पाचच्या गाडीनं निघतो. मी खाजाभाईची सायकल घेतली.

"मामा, या उन्हात? सोळा किलोमीटर आहे," तो म्हणाला. "डोकं फिरलंय का?"

बाईंनी नक्कल एका पाकिटात घालून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाऱ्यानं उडेल. शर्टाच्या आत ठेवा."

हिंगणदऱ्याच्या चढावर मी सायकल हातात धरून चाललो. कागद पोटाला चिकटला होता. उन्हं कलायला लागली होती. चढ संपला आणि मला ओढ्याच्या बाजूला धूर दिसला. उन्हाळ्यात शेतकरी धसकटं जाळतात. मी स्वतःला तसं सांगितलं. पण तो धूर धसकटांचा नव्हता.

ओढ्याच्या काठावर दहा-बारा माणसं लांब लांब बसली होती. मोतीगीर एका बाभळीखाली होता. मला ओळखून तो थोडा सरकला, मला बसायला जागा केली.

"आलाव?" तो म्हणाला. "पाणी प्या आधी."

कोणीतरी तांब्या दिला. मी तो हातात धरून राहिलो.

"खडक हाय समदा इथं," तो ओढ्याकडे हात करून म्हणाला. "चार हात खांदलं की दगड. दुसऱ्या कुणाच्या बांधाला विचारलं. न्हाई म्हणले. मग चार शाणी माणसं म्हणली, मढं घरात सडवायचं का? लाकडं समद्या गावानं दिली. खंडेरावानं बी दिली, गाडीभर. माती कुणी दिली न्हाई."

मी शर्टातून पाकीट काढलं. घामानं ओलं झालं होतं. त्याच्यापुढे धरलं.

"सापडला?" तो म्हणाला.

"सापडला."

"वाचा."

मी कागद उलगडला. तेवीस वर्षं मी कागदांत काढली होती, आणि त्या एका पानावर कुठून कुठं जायचं हे मला माहीत नव्हतं. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि बाई बोलल्या होत्या ते बोललो. सर्व्हे नंबर एकोणचाळीस. अठरा गुंठे. गोसावी लोकांची दफनाची जागा. कायम.

"कायम," मोतीगीर म्हणाला.

"कायम."

"म्हंजी होतंच की लिहून."

"होतं."

तो धुराकडे बघत राहिला. मी बोलणार होतो. शब्द तोंडात आले होते. मग त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या, पुन्हा पाकिटात सारला आणि पाकीट माझ्या हातावर ठेवलं.

"तुमच्यापाशीच ठिवा, मामा. माझं घर कुडाचं. उंदरं खातील. तुमच्याकडं नीट ऱ्हाईल."

मी ते घेतलं आणि सायकलकडे गेलो. सर्कल साहेब मला वाटेत भेटले. परत चला, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुलासा लिहिला. दीड पान होतं. माझ्यापुढे शाईची पट्टी सरकवली.

"इथं अंगठा द्या."

"काय लिहिलंय?"

"झालं ते."

मी अंगठा दिला. माझी नोकरी जाणार हे मी धरून चाललो होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण आठवडे गेले, मला कोणी बोलावलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बाईंची बदली झाली, डोंगरातल्या एका तालुक्याला, जिथं जायला कोणी तयार नसायचं. जायच्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. काहीतरी बोलतील म्हणून मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "वाळवीचं औषध संपत आलंय. नव्या माणसाला सांगा." त्यांच्या मागे ते औषध मीच आणून टाकत राहिलो. गाठी मात्र पुन्हा मारल्या नाहीत.

मग साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा माझं वय पंचावन्न होतं. शाळेच्या ओसरीवर पोरांच्या आज्या आणि मी. मला वाचायला यायला दोन वर्षं लागली, लिहायला आणखी एक. निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी मी हिरव्या कपड्यातला एक गठ्ठा काढला, कारण खुलासे तीस वर्षं ठेवायचे असतात. दीड पान वाचायला जेवणाची सुट्टी पुरली नाही.

बाईंनी लिहिलं होतं की, हिंगणदऱ्याचं दप्तर त्यांच्याच हातून नजरचुकीनं निंदणीच्या गठ्ठ्यात गेलं. त्याची सर्व जबाबदारी त्यांची आहे. शिपाई सटवाजी यांनी सकाळपासून परिश्रम घेऊन ते शोधण्यास मदत केली आणि स्वतः सायकलवर जाऊन नक्कल पोचवली. खाली त्यांची सही होती. त्याखाली साक्षीदार म्हणून माझा अंगठा.

मी त्यांना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. जिल्ह्याच्या यादीतून पत्ता मिळवला होता. उत्तर आलं नाही. ते पोचलं की नाही, तेही कळलं नाही. मग एका रविवारी मी हिंगणदऱ्याची एसटी पकडली. तिकडचं तरी सांगून टाकावं, असं ठरवून गेलो होतो. वाटेत शब्द जुळवत होतो.

गोसाव्यांच्या वस्तीत एक बाई मिरच्या निवडत होती. मोतीगीरचं नाव काढलं तशी म्हणाली, "चुलता माझा. गेले की ते. दोन वर्सं झाली. तुम्ही कोण?"

"तहसीलातला," मी म्हणालो.

"मग जागा बघायला आलाव का? चला."

तिनं मला नेलं. अठरा गुंठे जागा मोजून चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड बसवलेले होते. काटी निघाली होती, नांगर आत आला नव्हता. दप्तरातल्या त्या नोंदीनं पुढं तेवढं काम केलं होतं. एका बाजूला दोन अगदी लहान उंचवटे होते, त्यांना वीत-वीतभर दगड लावलेले. त्यांच्याच ओळीत पुढे मोतीगीरची समाधी होती, चुन्यानं सारवलेली. मध्ये जागा सुटलेली होती.

"ही जागा का सोडली?" मी विचारलं.

"त्यांनीच सांगून ठिवलं हुतं," ती म्हणाली. "लेकरांच्या अन् माझ्या मधी एक माणूस बसंल एवढी सोडा. तिथं कुणाला बसवू नका."